संत अपोलोनियेच्या हातातील चिमटा

दरवर्षी ९ फेब्रुवारी हा दिवस येतो आणि जातो. आपल्या धर्मग्रामांत त्याची फारशी कुणाला आठवण राहत नाही. दोनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, लुर्ड्स मातेचा सण येतो. त्याच दिवशी जागतिक रुग्णदिन असतो आणि त्या मिस्सेला आजाऱ्यांची रीघ लागते. ९ तारीख मात्र संत अपोलोनियेची. दातदुखीने गांजलेल्यांची ही पाठीराखी संत. युरोपातील जुन्या चर्चमधील चित्रांत ती सहज ओळखू येते. एका हातात रक्तसाक्षीची खूण असलेली खजुरीची झावळी, दुसऱ्या हातात लोखंडी चिमटा, आणि त्या चिमट्याच्या टोकात धरलेली एक दाढ.

या संताचे नाव आमच्या घरात आले ते आजीच्या दाढदुखीमुळे. १९६० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. आजीची खालची दाढ किडली. लवंगेचे तेल, हळद-मीठ, गरम फडक्याचा शेक, सारे काही करून झाले. दंतवैद्याकडे चल म्हटले की ती म्हणे, "प्रभूने क्रूसावर एवढं सोसलं, मला एक दाढ सोसवत नाही का?" रात्री अंथरुणात बसून ती माळ जपे आणि आपले दुखणे शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी अर्पण करी. पुढे गाल सुजला, तोंड उघडेना, ताप चढला. तेव्हा घरच्यांनी धर्मगुरूंना बोलावले. त्यांनी तिला संत अपोलोनियेची कथा सांगितली आणि बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय वाचून दाखविला. वैद्याला मान द्यावा, कारण त्यालाही प्रभूनेच निर्मिले आहे, असा त्या अध्यायाच्या आरंभीचा आशय. मग आजी निघाली. काही दिवस पेनिसिलिनची इंजेक्शने झाली, सूज उतरली आणि मग दाढ निघाली. संध्याकाळी ती घरी आली ती तोंडात कापसाचा बोळा दाबून. दुसऱ्या दिवशी बोलण्याची मुभा मिळताच तिने जे विचारले, ते आमच्या घरात आजवर कुणी विसरलेले नाही. "सुई टोचल्यावर काही दुखलंच नाही रे. आता मी देवाला काय देऊ?"

आम्ही मुले त्या वेळी हसलो. आज हसवत नाही. वेदना सोसणे हे पुण्य असेल, तर वेदना टाळणे हे काय? ज्या धर्माच्या केंद्रस्थानी क्रूस आहे, त्या धर्माच्या माणसाने दुखू नये म्हणून सुई टोचून घ्यावी काय? या प्रश्नाचा माग काढावा म्हणून आम्ही दाढ काढण्याच्या इतिहासाकडे वळलो. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मनुष्यजातीला शस्त्रक्रियेच्या वेदनेतून सोडविणारी वाट दवाखान्यातील दाढेच्या खुर्चीवरूनच गेली आहे.

अलेक्झांड्रियातील वृद्धा

संत अपोलोनियेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते एका पत्रामुळे. अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसियस यांनी अंत्युखियाचे बिशप फाबियस यांना लिहिलेल्या पत्रातील मजकूर चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस यांनी आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात, सहाव्या भागात, जतन करून ठेवला आहे. काळ इसवी सन २४९ च्या सुमाराचा. सम्राट डेसियसचा छळाचा हुकूम अद्याप निघालेला नव्हता. तरीही शहरात दंगल उसळली आणि जमाव ख्रिस्ती लोकांच्या घरांवर चालून गेला. मेत्रास नावाच्या वृद्धाला, क्विंता नावाच्या स्त्रीला ठार करण्यात आले. मग जमावाने अपोलोनियेला धरले.

दियोनिसियस तिला वयोवृद्ध कुमारिका म्हणतात. तिच्या जबड्यांवर असे आघात केले गेले की सगळे दात निखळून पडले. शहराबाहेर चिता रचण्यात आली. "आमच्याबरोबर देवनिंदा कर, नाहीतर जिवंत जाळू," अशी धमकी तिला देण्यात आली. तिने क्षणभर मोकळीक मागितली आणि हात सुटताच स्वतःहून अग्नीत उडी घेतली. या उडीचा अर्थ काय, असा प्रश्न पुढे धर्मपंडितांना पडला. छळाच्या काळात अशाच रीतीने मृत्यूला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांविषयी संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्या भागात मोठ्या सावधगिरीने लिहिले आहे. आपला जीव आपण घेऊ नये हा नियम त्यांनी ढळू दिला नाही. मात्र ख्रिस्तसभा ज्यांचा सन्मान करते त्यांच्याविषयी घाईने निवाडाही केला नाही.

या मूळ वृत्तांतात दोन गोष्टी नाहीत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यात तारुण्य नाही आणि त्यात चिमटाही नाही. चित्रकारांनी मात्र वृद्धेची तरुणी केली. स्पॅनिश चित्रकार झुर्बरान यांचे सतराव्या शतकातील अपोलोनियेचे चित्र पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. त्यातील संत कोवळ्या वयाची आहे आणि तिच्या हाती चिमट्यात धरलेला दात आहे. त्याच्याही दोनशे वर्षे आधी फ्रान्सच्या झाँ फुके यांनी एका प्रार्थनाग्रंथासाठी रंगविलेल्या लघुचित्रात तिचा छळ नाटकाच्या रंगमंचावर घडताना दाखविला आहे. तेथे छळकर्त्याच्या हातात लांबलचक चिमटा आहे.

हा चिमटा आला कोठून? तो अलेक्झांड्रियातून आलेला नाही. तो जत्रेतून, बाजारातून, न्हाव्याच्या पेटीतून आला. मध्ययुगातील श्रद्धावंतांनी दात पाडल्याची कथा ऐकली आणि आपल्या अनुभवातील सर्वांत भयंकर हत्यार त्या कथेत घातले. अशा रीतीने संतांच्या हातातील ती खूण म्हणजे सामान्य माणसाच्या वेदनेचीच नोंद होय. तो आपल्या संताला जणू सांगत होता की, हे आम्हालाही सोसावे लागते.

वैद्य, न्हावी आणि जत्रेतील दातकाढे

दाढ काढावी लागते हे प्राचीनांना ठाऊक होते. आणि काढू नये, असेही शहाण्या वैद्यांचे मत होते. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत दातांसाठीच्या हत्यारांचा उल्लेख आहे. त्याचबरोबर वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने गंभीर विकार जडतात, असा स्पष्ट इशाराही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी रीत सांगितली ती अशी. प्रथम दाताभोवतीची हिरडी सोडवावी, मग दात हळूहळू हलवीत राहावे आणि तो पुरेसा सैल झाल्यावर शक्य तर बोटांनीच काढावा. दात पोकळ झाला असेल तर पकडीत फुटू नये म्हणून आधी ती पोकळी शिशाने किंवा कापडाच्या धाग्यांनी भरून घ्यावी. पुढे इसवी सन १००० च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोबाचे अबुल कासिम अल्-झहरावी यांनी घाईविरुद्ध बजावले. वेदना अनेकदा निरोगी दातात जाणवते. त्यामुळे दुखणारा दात कोणता याची खात्री करून घेतल्यावाचून हत्यार उचलू नये, असे त्यांचे सांगणे. अडाणी न्हावी भलताच दात उपटतात, ही त्यांची तक्रार आजही जुनी वाटत नाही.

मग युरोपात हे काम न्हाव्यांकडे गेले कसे? ख्रिस्तसभेला रक्ताचा तिटकारा होता म्हणून तिने शस्त्रक्रियेवर बंदी घातली, असे विधान पुष्कळ पुस्तकांत आढळते. ते पूर्ण सत्य नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेच्या अठराव्या नियमाने धर्मगुरू, डीकन आणि उपडीकन यांना चिरफाड व डाग देण्याची शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. ही मनाई दीक्षितांपुरती होती; प्रापंचिक वैद्यांना ती लागू नव्हती. मात्र त्या काळी बहुतेक शिकलेले लोक धर्मसेवेतलेच असल्याने शस्त्रविद्या विद्वानांच्या हातून अधिकच निसटली आणि वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांच्याकडे गेली. विद्वान वैद्य नाडी पाही आणि ग्रंथ वाची. न्हावी जखमा बांधी, रक्त काढी आणि दाढ उपटी.

याला सन्मान्य अपवाद होते. चौदाव्या शतकातील गी द शोलियाक हे स्वतः धर्मसेवेतले होते आणि अव्हिन्यों येथे पोपमहोदयांचे वैद्य होते. १३४८ ची प्लेगची महामारी आली तेव्हा ते शहर सोडून गेले नाहीत. १३६३ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेवर मोठा ग्रंथ पूर्ण केला. दातांची कामे न्हावी आणि दातकाढे यांच्याकडे असली तरी ती जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली व्हावीत, असे त्यांनी त्यात बजाविले. त्याही आधी, १२७६ मध्ये, पोर्तुगीज पोप जॉन एकविसावे गादीवर आले होते. गरिबांसाठी सोप्या औषधांचा एक संग्रह त्यांच्या नावावर परंपरेने चालत आला आहे. वेदनेने तळमळणाऱ्या गरिबाची चिंता ख्रिस्तसभेच्या इतिहासात अगदीच नव्हती असे कुणी म्हणू नये.

सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र जत्रेतला दातकाढ्याच येई. चबुतऱ्यावर ढोल-कर्णे वाजत. ते गिऱ्हाईक जमविण्यासाठी असत, तसेच किंकाळी झाकण्यासाठीही असत. हत्यारे तरी कोणती? चौदाव्या शतकापासून एक वाकड्या चोचीचे हत्यार वापरात होते. त्याचा आकार पेलिकन पक्ष्याच्या चोचीसारखा म्हणून त्याला तेच नाव पडले. अठराव्या शतकात किल्लीसारखे हत्यार आले. कुलपात किल्ली फिरवावी तशी ती दाढेवर फिरवीत. दाढ निघे, कधी जबड्याच्या हाडाचा तुकडाही तिच्याबरोबर निघे. पॅरिसच्या पाँ नफ पुलावर 'थोरला थोमा' या नावाने गाजलेला एक धिप्पाड दातकाढ्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बसत असे. लोक त्याला पाहायलाच गर्दी करीत.

त्याच पॅरिसमध्ये १७२८ मध्ये पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावरील आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या धंद्यातील गुपिते झाकून ठेवण्याची रीत असताना त्यांनी ती छापून सर्वांपुढे ठेवली. दाताला कीड म्हणजे खरोखरीचा किडा लागतो, ही बाबिलोनच्या काळापासूनची समजूत त्यांनी तपासली. किडा त्यांना आढळला नाही आणि तसे त्यांनी लिहून टाकले. आपण आजही 'दात किडला' असे म्हणतो, ते त्या जुन्या समजुतीचेच अवशेष. रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत दाबून धरण्याऐवजी त्याला हातांच्या खुर्चीत बसवावे, हेही फोशार यांनी आग्रहाने सांगितले. आम्हाला ही गोष्ट लहान वाटत नाही. रोग्याला जमिनीवरून उचलून खुर्चीत बसविणे म्हणजे त्याला माणूस मानणे होय.

हार्टफर्डची एक रात्र

खुर्ची आली, हत्यारे सुधारली. वेदना होती तेथेच राहिली. तिच्यावरचा उपाय प्रथम सुचला तो एका दंतवैद्यालाच, आणि तोही एका तमाशाच्या रात्री.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन यांनी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसविणाऱ्या वायूचा खेळ लावला होता. वायू हुंगलेले लोक हसत, नाचत, धडपडत; प्रेक्षक करमणूक करून घेत. सॅम्युएल कूली नावाच्या एका तरुणाचा पाय या धडपडीत चांगलाच सोलवटला. परंतु वायूचा अंमल उतरेपर्यंत त्याला त्याची जाणीवच नव्हती. हे प्रेक्षकांतील २९ वर्षांच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हेरले. रोज आपल्या हातून माणसांना यातना होतात, याचे या गृहस्थांना मनापासून दुःख होते. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्यांनी कोल्टनना बोलावले, स्वतः वायू हुंगला आणि सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपलीच एक दाढ काढून घेतली. त्यांना वेदना जाणवली नाही. इतरांवर प्रयोग करण्याआधी त्यांनी तो स्वतःवर केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या शोधाचे पेटंट घेऊन श्रीमंत होण्याचा विचार वेल्स यांनी केला नाही. श्वासाला हवा मिळते तशी ही गोष्ट सर्वांना मोकळेपणी मिळावी, अशी त्यांची धारणा होती. जानेवारी १८४५ मध्ये ते बोस्टनला गेले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर त्यांनी एकाचा दात काढून दाखविला. वायूची पिशवी लवकर दूर केली गेली, रोगी ओरडला, विद्यार्थ्यांनी हुर्यो उडविली. वेल्स खचून परतले.

त्यांचे पूर्वीचे शिष्य व भागीदार विल्यम मॉर्टन यांनी मात्र हा धागा सोडला नाही. त्यांनी ईथर वापरले. ३० सप्टेंबर १८४६ रोजी एबेन फ्रॉस्ट नावाच्या गृहस्थाची दाढ त्यांनी वेदनेवाचून काढली आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रोग्याला ईथर दिले. त्या रोग्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया शांतपणे पार पडली. जगाने तो दिवस भूलशास्त्राचा आरंभ मानला. मॉर्टन यांनी ईथरमध्ये रंग व सुवास मिसळून त्याला नवे नाव दिले आणि पेटंट मिळविले. परंतु वासावरून लोकांनी ते ओळखलेच. पुढे श्रेयाचा कडवट झगडा लागला. चार्ल्स जॅक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी कल्पना आपली असल्याचे सांगितले. जॉर्जिया राज्यातील क्रॉफर्ड लाँग यांनी तर १८४२ मध्येच ईथर वापरले होते, पण त्यांनी ते १८४९ पर्यंत प्रसिद्धच केले नव्हते.

या झगड्यात सर्वांत आधी मोडून पडले ते वेल्स. स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्यांना त्याचे व्यसन जडले. जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्क येथे भ्रमाच्या भरात त्यांनी रस्त्यावरील स्त्रियांवर आम्ल फेकले. शुद्धीवर आल्यावर आपण काय केले हे त्यांना उमजले आणि २४ जानेवारीला त्यांनी तुरुंगात आपले जीवन संपविले. वय ३३ वर्षे. आपल्या शोधाला पॅरिसच्या वैद्यांनी मान्यता दिल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. १८६४ मध्ये अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने त्यांच्या शोधाचा गौरव केला. अशा मृत्यूने गेलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे आपल्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत सुखाने बसणाऱ्या प्रत्येकाने या माणसासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणावे, असे आम्हाला वाटते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखविले आणि लगेच अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी जबड्याच्या नसेत कोकेन टोचून दात बधिर करण्याची पद्धत बसविली. त्यांनाही स्वतःवरील प्रयोगांतून व्यसन जडले. १९०५ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन आले आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन बनविले. आज दंतवैद्य जी सुई टोचतो तिच्यात बहुधा हेच असते. रोगी जागा राहतो, बोलू शकतो, दाब जाणवतो, पण दुखत नाही. आमच्या आजीला नवल वाटले ते याचेच.

दाढ काढल्यानंतर

इतिहासात दाढ काढण्याचे वर्णन पुष्कळ सापडते. नंतरच्या दिवसांचे फारच कमी. वास्तविक धोका तेथेच होता. खालच्या दाढेचे विष जिभेखाली व गळ्यात उतरले की श्वास कोंडून माणूस दगावे. या विकाराचे वर्णन १८३६ मध्ये जर्मन वैद्य लुडविग यांनी केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले आणि १९४० नंतर ते औषध म्हणून हाती आले, तोवर अशा रोग्यासमोर वैद्य बव्हंशी हतबल असे. आजीचा सुजलेला गाल आठवला की आम्हाला आता कळते, ती किती कडेवर उभी होती.

दाढ निघाल्यावर हाडात एक खळगा उरतो. तो रक्ताने भरतो आणि थोड्याच वेळात त्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजेच निसर्गाने बांधलेली पट्टी. म्हणून कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावयाचा. पहिले २४ तास जोराने चूळ भरावयाची नाही, थुंकावयाचे नाही, नळीने काही ओढून प्यावयाचे नाही, विडी-सिगारेट तर मुळीच नाही. बाहेरून थंड शेक द्यावा. खायला कोमट पेज, मऊ भात, ताक. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या. गुठळी वेळेआधी निसटली तर हाड उघडे पडते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात अशी कळ उठते की मूळची दाढदुखी परवडली असे वाटते. 'कोरडा खळगा' या अर्थाचे इंग्रजी नाव या विकाराला क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने १८९६ मध्ये दिले. गुठळी सांभाळली तर हिरडी काही आठवड्यांत मिटते आणि आत नवे हाड भरायला काही महिने लागतात.

आमची स्वतःची अक्कलदाढ काढली तेव्हा आम्ही या सूचना वाचल्या आणि पाळल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी एका लग्नघरी गेलो, थंड पेय नळीने ओढले, मोठमोठ्याने बोललो. तिसऱ्या रात्री जी कळ उठली तिने पहाटेपर्यंत घराच्या ओटीवर येरझारा घालायला लावल्या. दोष दंतवैद्याचा नव्हता, आमचाच होता. त्या रात्री आजीसारखे ते दुखणे अर्पण करण्याचा प्रयत्न आम्हीही केला. खरे सांगायचे तर प्रार्थनेचे शब्द सुचेनात. सकाळ कधी होते आणि दवाखाना कधी उघडतो, एवढेच मनात होते. वेदना माणसाला देवाजवळ नेते असे आपण म्हणतो. ती नेते, पण नेहमीच नाही. कधी ती माणसाचे सारे मन आपणच व्यापून बसते आणि देवालाही जागा ठेवीत नाही.

सोळाव्या शतकात आम्ब्रुआझ पारे हे न्हाव्याकडील उमेदवारीपासून चढत फ्रान्सच्या राजांचे शल्यविशारद झाले. आपण फक्त मलमपट्टी केली, बरे केले ते देवाने, अशी त्यांची वृत्ती प्रसिद्ध आहे. दाढेच्या खळग्यात भरणारे हाड पाहिले की त्यांचे म्हणणे पटते. दंतवैद्य दाढ काढतो. खळगा तो भरीत नाही.

ख्रिस्तसभेचे उत्तर

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. भूल देण्याला धर्माने कडाडून विरोध केला, अशी एक समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात स्त्रीला वेदनेने मुले होतील असे म्हटले आहे, हा आक्षेप येणार हे ओळखून त्यांनी उत्तरादाखल पुस्तिकाही लिहिली. त्यांनी त्याच ग्रंथाचा दुसरा अध्याय दाखविला. देवाने आदामाची फासळी काढली ती त्याला गाढ निद्रा आणल्यावर. प्रत्यक्षात संघटित असा धार्मिक विरोध फारसा झालाच नाही, असे अलीकडील अभ्यासकांना आढळले आहे.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती २४ फेब्रुवारी १९५७ रोजी. भूलतज्ज्ञांनी पोपमहोदय पायस बारावे यांना तीन प्रश्न विचारले होते. पहिला प्रश्न जवळजवळ आमच्या आजीचाच होता. श्रद्धेपोटी वेदना स्वीकारणे आणि भूल नाकारणे हे ख्रिस्ती माणसाचे सर्वसाधारण कर्तव्य आहे काय? पोपमहोदयांचे उत्तर असे की, तसे कर्तव्य नाही. एखाद्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनात सहभागी होण्यासाठी स्वेच्छेने वेदना स्वीकारली तर ती थोर गोष्ट होय. परंतु ती कुणावर लादता येत नाही, आणि वेदना दूर करण्याने श्रद्धेला बाध येत नाही. उलट, असह्य वेदनेमुळे आत्मिक जीवनालाच अडथळा होऊ शकतो, हेही त्यांनी लक्षात आणून दिले.

शुभवर्तमानातील एक तपशील येथे आठवतो. मार्कच्या पंधराव्या अध्यायात, क्रूसावर खिळण्यापूर्वी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला. त्याने तो घेतला नाही. वेदना बधिर करणारे ते पेय होते, असे भाष्यकार मानतात. प्रभूने ते नाकारले, हे खरे. परंतु त्याच प्रभूने आपल्याजवळ आलेल्या एकाही रोग्याला "तुझे दुखणे सोसत राहा" म्हणून परत पाठविले नाही. स्वतःसाठी त्याने पेला बाजूला सारला, दुसऱ्यांसाठी मात्र हात पुढे केला. १९८४ मध्ये संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी दुःखावर जे प्रेषितपत्र लिहिले, त्याच्या शेवटच्या भागात त्यांनी दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला घेतला, तो याचसाठी. त्या माणसाने वाटेवर पडलेल्या जखमीला दुःखाचे महत्त्व सांगितले नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि पट्टी बांधली. सोसणे ही एक प्रार्थना आहे. दुसऱ्याचे सोसणे हलके करणे ही दुसरी. ख्रिस्ती माणसाला दोन्ही शिकावयाच्या आहेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी टाळावयाची नाही.

अपोलोनियेच्या हातातील चिमट्याचा अर्थ आम्हाला आता असा दिसतो. तो आला छळकर्त्याचे हत्यार म्हणून. मग तो जत्रेतील दातकाढ्याच्या हाती राहिला. फोशार यांच्यासारख्यांनी त्याला ज्ञान दिले, वेल्स यांच्यासारख्यांनी आपल्या जिवाचे मोल देऊन त्यातील यातना काढून घेतली. आज तेच हत्यार औषधाचे झाले आहे. संताने मात्र ते हातातून खाली ठेवलेले नाही.

आजीच्या प्रश्नाला त्या दिवशी कुणी उत्तर दिले नाही. तिने ते स्वतःच शोधले असावे. त्यानंतर काही महिन्यांनी शेजारची एक मावशी गालाला फडके बांधून विहिरीवर आली. भीतीने ती दवाखान्याचे नाव काढू देत नव्हती. आजीने तिला हाताला धरून एस.टी.त बसविले, दवाखान्यात तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि दाढ निघेपर्यंत तिचा हात सोडला नाही. परत आल्यावर तिच्यासाठी पेज शिजवून दिली, बोळा किती वेळ धरायचा ते बजावले आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे माळ हातात घेतली. पुन्हा कधी तिने, देवाला काय देऊ, असे विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.